दादरची चाळण आणि सोनगीरची समुद्री गोगलगाय

समुद्री गोगलगाईची एक नवी जात मला सोनगीरला सापडली, असं मी चार माणसांना सांगून बसलो. सोनगीर धुळ्याच्या पुढे, आग्रा रोडवर. तिथे समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही. तरी सांगितलं, आणि तेही अशा आवाजात की समोरच्याला 'कशावरून' असं विचारायचा धीर होऊ नये. ती जात नवी नव्हती. पण नुसत्या त्या फजितीसाठी मी लिहायला बसलो नसतो. त्या गोगलगाईपायी मी किती माणसांवर संशय घेतला, ते सांगायचं आहे.

जळगावच्या एका कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. समुद्रातले प्राणी शिकवले ते बाटल्यांतून. लेबलं पुसट झालेली, आतला प्राणी पांढराफटक, आणि त्याच्याकडे बोट दाखवून मी सांगायचो, की हा जिवंतपणी फार सुंदर दिसतो. मी स्वतः तो जिवंत पाहिलेला नसायचा. वर्षाआड सहल समुद्रावर जायची, पण तिथे पोरं पाण्यात आणि मी काठावर पोरं मोजत उभा. निवृत्त होऊन जळगावच्याच पिंप्राळ्यात घरी बसलो तेव्हा कॉलेजच्या भंगारात निघालेला एक सूक्ष्मदर्शक घेऊन आलो होतो. त्याच्याखाली ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. बायकोच्या तांदळातले सोंडे पाहून झाले होते.

श्रावणात कानबाईच्या दर्शनाला सोनगीरला, सासुरवाडीला गेलो. जेवणं झाल्यावर मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मला त्याची पोल्ट्री दाखवायला घेऊन गेला. ती मी आधीही पाहिली होती, पण जुन्या जावयाला दाखवण्यासारखं दुसरं काही उरलेलं नव्हतं. पाचेकशे कोंबड्या, सगळ्या अंड्यावरच्या. शेडला लागून खाद्याची खोली. तिथे मका, सोयाबीनची पेंड, आणि कोपऱ्यात पांढरट धूळ माखलेली काही पोती.

"हे काय?" मी विचारलं.

"शिंपला," मेहुणा म्हणाला. "अंडाना टरफलले लागस ना, दाजी. खाद्यामा मिसाळतस."

एवढं मलाही माहीत होतं. अंड्यावरच्या कोंबडीला चुना लागतो, म्हणून समुद्राकाठचे शिंपले भरडून तिला खाऊ घालतात. गुजरातच्या किनाऱ्यावरून हा माल धुळ्याला येतो आणि तिथल्या शेठजींच्या दुकानातून गावोगावच्या पोल्ट्रीत जातो. माहीत होतं, पण पोत्यात हात मी कधी घातला नव्हता. त्या दिवशी घातला. मूठभर तुकडे बाहेर काढले आणि त्या तुकड्यांत एक अख्खा शंख निघाला. नखावर बसेल एवढा. उंच, निमुळता, अंगावर उभ्या बरगड्या, आणि प्रत्येक बरगडीवर मण्यांची ओळ.

मी आणखी एक मूठ काढली. त्यात तसेच दोन.

जन्मभर समुद्र बाटलीत पाहिलेल्या माणसाला पोतंभर समुद्र मिळाला तर त्याचं काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा. मी मेहुण्याला म्हणालो, "भाऊ, यातले थोडे शंख मी नेले तर चालतील का?"

"न्या ना. शंखस्नी काय कमी शे अठे?"

त्याच्या डोळ्यांसमोर एक मूठ होती. माझ्या डोळ्यांसमोर पोती होती. इथेच पहिला घोटाळा झाला, आणि तो मी नजरेआड केला.

पुढच्या रविवारी मी एकटाच जुनी गाडी काढून सोनगीरला गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. रविवारी सकाळी मेहुणा अंडी पोचवायला धुळ्याला जायचा, आणि मला तेच हवं होतं. कारण तोवर माझ्या मनात संशयानं घर केलं होतं. हे शंख कोणाच्या दृष्टीस पडले तर? धुळ्यात कॉलेजं आहेत, त्यांत प्राणिशास्त्राचे मास्तर आहेत, आणि मास्तर लोक काय करतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी मास्तर होतो. म्हणून मी खोलीचं दार आतून लावायचो आणि काम उरकायचो.

काम असं. पोत्यातला शिंपला चाळायचा. भुकटी खाली पडते, जाड तुकडे आणि शंख वर राहतात. चाळणीसाठी मी घरातली दादर, म्हणजे ज्वारी, चाळायची चाळण नेली होती. भोकं अगदी बेताची. वरचं सगळं एका गोणीत भरायचं आणि जळगावला आणायचं, कारण शंख वेचायला उजेड लागतो, खुर्ची लागते आणि वेळ लागतो. खालची भुकटी परत पोत्यात. पोती रिकामी रिकामी दिसू नयेत म्हणून दोन पोत्यांची भुकटी एकात करायची, सुतळीनं तोंड पहिल्यासारखं बांधायचं आणि रिकामं पोतं घडी करून खाली दाबायचं. मला वाटायचं, कोंबड्यांवर उपकारच होताहेत. एवढेसे पोट, त्यात जाड तुकडे कशाला? भुकटी कशी पटकन पचेल. हे मी मनात म्हणालो, एवढंच नाही. परतताना एका कोंबडीकडे बघून तोंडानंही म्हणालो.

घरी गच्चीवर शिंपला वाळत पडायचा. वेचून उरलेले तुकडे बायको कुंड्यांत टाकायची. तिच्या गुलाबांना त्या वर्षी जो बहर आला, तो कॉलनीतल्या बायका फाटकातून बघून जायच्या.

बायकोला मात्र चैन नव्हती.

"अहो, एक विचारू?" ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "लग्न झाल्यापासून माझ्या माहेरी जायचं म्हटलं की तुमचं डोकं दुखायचं. आता दर रविवारी स्वतःहून जाता. काय चाललंय?"

"संशोधन."

"भाऊनं शेत विकायला काढलंय का?"

"नाही गं."

"मग तुम्ही दोघं मला सांगत काय नाही?" आणि जरा थांबून, "माझी चाळणही दिसत नाही कुठे."

चाळण गाडीच्या डिकीत होती. मी म्हणालो, बघतो.

आता थोडं शंखाबद्दल सांगायला हवं. शंखावरून जात ओळखायची, तर आधी त्याचे वेढे मोजायचे. टोकापासून तोंडापर्यंत तो किती वेळा वळलाय. मग दोन वेढ्यांमधली शिवण बघायची, ती खोल आहे की उथळ. मग बरगड्या, मग मणी, आणि सगळ्यात शेवटी तोंड, कारण शंखाची खरी ओळख तोंडात असते. प्राणी जिथून बाहेर येतो त्या तोंडाचा बाहेरचा ओठ कसा आहे, जाड की पातळ, सरळ की लोट्याच्या काठासारखा बाहेर वळलेला. काळ्या कापडावर शंख मांडून, सुईनं एकेक फिरवून मी हे सगळं पाहत बसायचो. मान आखडायची, चहा थंड व्हायचा, आणि मी फार सुखात असायचो.

माझे शंख एका जातीशी बरेचसे जुळत होते. खाडीच्या चिखलात राहणारी एक साधी गोगलगाय, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुबलक. तोच मनोरा, त्याच बरगड्या, तेच मणी. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. पुस्तकातल्या शंखाचा ओठ जाडजूड, कानासारखा बाहेर पसरलेला. माझ्या एकूण एक शंखांचा ओठ पातळ आणि सरळ. दुसरं म्हणजे आकार. पुस्तकातला शंख बोटाच्या पेराएवढा. माझे त्याच्या पावही नव्हते, आणि सगळे एका मापाचे. साच्यातून काढल्यासारखे. एक मोठा नाही, एक छोटा नाही.

अशी ठेंगणी, पातळ ओठांची, एकसारख्या मापाची जात कोणत्याच पुस्तकात नव्हती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग उठलो, तोंडावर पाणी मारलं, आणि आधी शेजाऱ्यांना सांगितलं. शेजारी म्हणाले, वा, सर, खायची असते का? मग दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केला. शेवटी बायकोला. तिनं विचारलं, "आणि चाळण?"

शंखांचा एक डबा मी माझ्या वर्गमैत्रिणीला पाठवला. ती समुद्रकाठच्या एका गावात राहते आणि तिनं आयुष्यभर शंखांचाच अभ्यास केलाय. डबा पाठवल्यावर रात्रभर मला वाटत राहिलं, की आता ही आपलं नाव घालणार.

याच सुमाराला मेहुण्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"दाजी, अंडा फुटी ऱ्हायनात."

"म्हणजे?"

"ट्रेमाच फुटतस. हातमा धरं तरी चीर पडस. बठ्ठा ट्रे वल्ला व्हई जास."

टरफल कागदासारखं झालं होतं. कोंबड्या त्याच, खुराडी तीच, खाद्य तेच. धुळ्याचा जो व्यापारी त्याच्याकडून अंडी घ्यायचा, त्यानं ओले ट्रे परत पाठवले होते आणि सांगितलं होतं, की पुढचा आठवडा बघतो, नाही तर दुसऱ्याकडून घेतो. हा एकच व्यापारी होता. तो गेला तर कोंबड्या विकून शेड बंद करण्यावाचून मेहुण्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

"तुम्ही या ना, दाजी. तुम्ही शिकेल माणूस शेतस. तुम्हले समजी."

मला बरं वाटलं. कोणी असं बोलावलं की मला नेहमीच बरं वाटतं. त्या वेळी मी बायकोला बरोबर घेतलं आणि निघालो. पारोळ्याला तिनं काच खाली केली. मग म्हणाली, "कोणी काही केलं असेल का हो?"

"केलं असेल नाही, केलंच आहे," मी म्हणालो. "फक्त कोणी, ते बघायचंय."

शेडमध्ये मेहुण्यानं एक अंडं माझ्या तळहातावर ठेवलं. मी बोटांनी जरा दाबलं तर ते आत गेलं. त्यानं सांगितलं, की जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांच्या मते रोग नाही. टरफलाला जाड शिंपला लागतो. तो कोंबडीच्या पोटात हळूहळू विरघळतो, आणि रात्री टरफल धरतं तेव्हा पुरतो. भुकटी लगेच निघून जाते.

"आन् आपला पोतास्मा नुसती भुकटी शे," मेहुणा म्हणाला. "पहिले असा माल नही व्हता. पोतंबी लवकर सरस आते. शेठजी तोलमाबी कमी भरी ऱ्हायनात का काय, देव जाने."

आता इथे कोणालाही उजाडायला हवं होतं. मला उजाडलं नाही. का, ते सांगतो. मी चाळून झालेली पोती मागे भिंतीला लावून ठेवली होती, आणि मेहुण्यानं पोती पुढे-मागे केलेली मला माहीत नव्हती. त्यानं ताटलीत काढून आणलेला शिंपला माझ्या लेखी शेठजींकडून नुकताच आलेला ताजा माल होता. मी खिशातून भिंग काढलं. मेहुणा, बायको आणि मेहुण्याची बायको माझ्याभोवती उभे. मी बराच वेळ पाहिलं, लोक पाहत असले की मी जरा जास्तच पाहतो, आणि मग म्हणालो, "यात एकही अख्खा शंख नाही."

"मंग?"

"मागच्या महिन्यात याच मालात मुठीमुठीनं शंख होते. आता एक नाही. कोणीतरी ते काढून घेतलेत."

"शंख कोन काढी, दाजी?"

माझ्या मनात सगळं जुळून आलं. शेठजींच्या दुकानात कोणीतरी आधीच पोहोचलाय. माझ्या जातीची बातमी फुटलीय. शेजाऱ्यांना सांगायला नको होतं. दोन सहकाऱ्यांपैकी एकाची बहीण धुळ्याला दिली आहे. आणि हा डॉक्टर, तो खरंच डॉक्टर होता का?

"तो डॉक्टर शिंपला हातात घेऊन बघत होता?" मी विचारलं.

"हो ना. पुडीमा बांधीसन लई गया."

"चष्मा होता?"

"व्हता."

मी मान हलवली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात भिंगाखाली एक गोष्ट दिसली. त्या पांढऱ्या भुकटीत एक दाणा. टपोरा, पिवळसर. मी तो नखावर घेतला. दादरचा दाणा होता, आमच्याकडे भाकरीला जो वापरतात तो.

"हे बघा," मी म्हणालो. "समुद्रात दादर पिकते का?"

मेहुण्यानं वाकून दाणा पाहिला.

"गोदामाची झाडलोट पोत्यात भरताहेत तुमचे शेठजी. तोल भरायला."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "शेठजी असा नही व्हतात," तो हळूच म्हणाला. त्याच्या वडिलांनी पहिल्या कोंबड्या आणल्या तेव्हापासून खाद्य त्या एकाच दुकानातून यायचं. वडील गेले तेव्हा शेठजी येऊन दिवसभर ओट्यावर बसले होते. पण दाणा डोळ्यांसमोर होता, आणि दाजी शिकलेले होते.

मी तो दाणा कागदात बांधला आणि आम्ही धुळ्याला गेलो.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोली धुळ्याची. दुकानात सरकीच्या पेंडीचा वास. गादीवर बसून ते पाणी पीत होते. आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. मेहुण्यानं अडखळत अंड्यांचं सांगितलं. पोत्यांचं काही त्याला सांगता येईना, म्हणून ते मी सांगितलं. मग पुडी उघडून दाणा गादीवर ठेवला.

शेठजींनी चष्मा चढवला. "दादर आहे."

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"दादर आहे एवढं मान्य आहे, सर. आम्ही काही अंडी खात नाही, अंडं आमच्या घराच्या पायरीपर्यंतही येत नाही. पण कोंबडीच्या खाण्यात आम्ही कधी खोट केली नाही. आणि दादर माझ्या दुकानात नाहीच. बघा फिरून. पेंड आहे, मका आहे, कोंडा आहे. दादर महाग, ती जनावराला कोण घालतं?"

मी फिरून पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं. दादर नव्हती. याचा अर्थ मी असा काढला, की शेठजींनी आम्ही यायच्या आत झाडून घेतलीय. तसं मी बोललोही. बोलायला नको होतं.

शेठजींनी पाण्याचा पेला बाजूला सारला. मग मेहुण्याला म्हणाले, "भाऊ, पुढचा माल दुसरीकडून घ्या. माझ्यावर संशय ठेवून माझं खाद्य कोंबड्यांना घालू नका. त्यांनाही गोड लागणार नाही."

चहा आला, तो कोणी घेतला नाही. गाडीत मेहुणा खिडकीतून बाहेर बघत होता. सोनगीर यायला लागलं तेव्हा म्हणाला, "दुसरं कोन देई उधार?" मी त्याला धीर दिला. म्हणालो, खरं बाहेर आलं की सगळं ठीक होईल. खरं बाहेर येण्याबद्दल मी तेव्हा फार निश्चिंत होतो.

जळगावला आल्यावर दोन दिवसांनी वर्गमैत्रिणीचा फोन आला. सकाळची वेळ. बायको स्वयंपाकघरात होती.

"अरे, तुझा डबा मिळाला," ती म्हणाली. "छान शंख आहेत."

"नवी आहे ना?"

"ऐक. ओठ पातळ आहे म्हणून तू त्यांना वेगळी जात म्हणालास?"

"एकूण एक पातळ आहेत."

"असणारच. ती पिल्लं आहेत. या गोगलगाईचा ओठ मोठी झाल्यावर जाड होतो आणि बाहेर वळतो. तोपर्यंत पातळच असतो. तू बालवाडीला नवी जात केलीस."

पण माझ्याकडे दुसरा पुरावा शिल्लक होता. "बरं, पिल्लं म्हणू. मग सगळी एका मापाची कशी? पिल्लं लहानमोठी नसतात? यांच्यात केसाचा फरक नाही. मी व्हर्नियर लावून पाहिलंय."

"हेच मला विचारायचं होतं. ती तुला कुठे मिळाली म्हणालास?"

"कोंबडीच्या खाद्यात."

ती हसली. म्हणजे फार वेळ हसली. मग म्हणाली, "अरे, तो माल कारखान्यातून चाळून येतो. मोठे शंख तिथेच भरडले जातात. मोठं काही उरतच नाही. बरं, लहान कुठे गेले? त्यातली बारीक पिल्लं तरी असायला हवीत. तू चाळलं होतंस का?"

"अर्थात. नीट चाळलं."

"कशानं?"

"दादर चाळायची चाळण आहे घरी."

"झालं तर. वरचं माप कारखान्यानं ठरवलं आणि खालचं तुझ्या चाळणीनं. तुझी जात म्हणजे दोन चाळण्यांच्या मधली फट आहे. बारीक शंख भुकटीबरोबर खाली गेले असतील. भुकटीचं काय केलंस?"

मी सांगितलं, ती परत पोत्यात भरली.

"कोंबड्यांना?" ती म्हणाली.

फोन मी तसाच टेबलावर ठेवला. पलीकडून ती 'हॅलो, हॅलो' करत होती.

मी खाली जाऊन गाडीची डिकी उघडली. चाळण तिथेच होती, पांढऱ्या धुळीनं माखलेली. उन्हात धरली. एका भोकात एक दाणा अडकलेला होता. टपोरा, पिवळसर. शेजारच्या भोकात दुसरा. किती वर्षांची दादर त्या चाळणीतून गेली असेल, आणि एखादा दाणा प्रत्येक वेळी अडकून राहिला असेल.

बायको पदराला हात पुसत फाटकापाशी आली. आधी चाळणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चाळण तिच्यापुढे धरली. तिनं दाण्यावर बोट ठेवलं, मग वर गच्चीकडे पाहिलं, जिथून तिचे गुलाब बाहेर झुकले होते. तिला सगळं कळायला माझ्यापेक्षा फार कमी वेळ लागला.

"गाडी काढा," ती म्हणाली. "आणि ही माझ्याकडे द्या." चाळण तिनं मांडीवर घेतली. सोनगीरपर्यंत तशीच.

मेहुण्याला मी शेडच्या बाहेर उभं राहून सांगितलं. वाटेत काही वाक्यं जुळवली होती, त्यांत 'अनवधानानं' हा शब्द होता. तो शब्द उच्चारायच्या आधीच बायकोनं चाळण पुढे केली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, शेठजीनी नही, यास्नी." बाकीचं तिनंच सांगितलं. जाड शिंपला कुठे गेला, भुकटी कुठे राहिली, पोतं कसं बांधलं. मी मधूनमधून 'हो' म्हणत होतो.

मेहुणा खाद्याच्या खोलीत गेला. मागच्या भिंतीजवळचं पोतं ओढलं, आणि त्याच्याखालून घडी केलेली रिकामी पोती एकामागून एक काढून बाहेर ठेवली. मग विचारलं, "आन् तो जाडा शिंपला कोठे शे आते?"

"गुलाबांना," मी म्हणालो.

"मन्या कोंबड्यास्ना शिंपला तुम्ही गुलाबले टाका?"

"तिनं टाकला," असं मी म्हणालो असतो, पण बायको शेजारीच उभी होती.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं शर्ट बदलला, चाळण उचलली आणि गाडीत जाऊन बसला. म्हणाला, "चला. शेठजीकडे तुम्हीच सांगा. मी नही सांगाव."

शेठजी गादीवरच होते. आम्हाला पाहून त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. गोगलगाय, पातळ ओठ, दोन चाळण्या, दादर. गोगलगाईपाशी त्यांचा गडी काम टाकून ऐकायला लागला. चाळण गादीवर ठेवली तेव्हा शेठजींनी ती उचलून उजेडाकडे धरली, नखानं एक दाणा टोकरला, आणि तो आधीच्या पुडीतल्या दाण्याशेजारी ठेवला. पुडी त्यांनी जपून ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही.

"चूक झाली, शेठजी," मी म्हणालो. "तुमच्यावर संशय घेतला."

त्यांनी चाळण माझ्याकडे सरकवली. गड्याला म्हणाले, "जाड शिंपल्याचं एक पोतं भाऊंच्या गाडीत टाक. आजच्या आज कोंबड्यांना जायला हवं. त्या अंडीवाल्या व्यापाऱ्याला मी फोन करतो, अजून एक आठवडा थांबेल." मेहुण्याकडे बघून म्हणाले, "बस, भाऊ." तो बसला. चहा आला. दोघांनी घेतला. मेहुणा पेल्यातच बघत होता.

पोतं गाडीत गेलं. आम्ही निघायला लागलो. मी पुन्हा माफी मागितली, कारण पहिली कुठे पोचली ते मला कळलं नव्हतं. शेठजींनी चष्मा काढला आणि पुसत विचारलं, "सर, तुम्ही कॉलेजात शिकवायचे ना?"

"हो. आता निवृत्त झालो."

"म्हणजे आता शिकवत नाही?"

"नाही."

"चांगलं झालं," शेठजी म्हणाले. "पोरं सुटली."